बाजार विचारा: क्रॉफर्ड मार्केट ते भुलेश्वर

या वेळची बरीचशी पत्रं मुंबईच्या एकाच भागाबद्दल आली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. या गल्ल्यांशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. मी नाटकांचा कपडेपट सांभाळते. कधी पेशव्यांचा दरबार उभा करायचा असतो, तर कधी चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेला परकर हवा असतो. निर्मात्याच्या मते दोन्हींना सारखेच पैसे लागतात. तेव्हा खालची उत्तरं त्या कामातून आलेली आहेत, असं समजून वाचा.

प्रश्न : मुलीचं लग्न वैशाखात आहे. मी आणि माझी जाऊ रात्रीच्या गाडीने येऊन दुसऱ्या रात्री परत जाणार. बस्त्याच्या साड्या, आहेराचे ब्लाउजपीस, तांब्या-पितळेची भांडी आणि नकली दागिने घ्यायचे आहेत. एका दिवसात होईल का? (सांगलीच्या एक वाचक)

उत्तर : होईल, फक्त रविवारी येऊ नका. कापडाची, भांड्यांची, सोन्याची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, रस्त्यावरची गर्दी मात्र तशीच असते. त्यामुळे बाजार चालू आहे असं वाटतं आणि बाहेरगावची माणसं तासभर फिरल्यावर कपाळाला हात लावतात. मधल्या वारी या. गाडी पहाटे पोचली तरी धावू नका, अकराच्या आधी इथल्या गाद्या झटकून होत नाहीत.

सीएसएमटीहून डी. एन. रोडने उत्तरेला चालत निघालात की दहा-पंधरा मिनिटांत घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत लागते. तेच क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. तुम्ही आत शिरू नका. फळं, सुकामेवा, केकचे साचे यांत तुमची सकाळ संपेल. रस्ता ओलांडून शेख मेमन स्ट्रीट धरा. तो एक रस्ता डोक्यात ठेवलात तर चुकणार नाही. आधी जुम्मा मशीद येते, तिच्याजवळच मंगलदास मार्केट, पुढे मुळजी जेठा मार्केट, मग झवेरी बाजार आणि टोकाला मुंबादेवी. तिथून एका अंगाला भुलेश्वर आणि दुसऱ्या अंगाला, पायधुणीकडे जाताना, भांड्यांचा तांबाकाटा.

या भागात प्रत्येक धंद्याने आपापली गल्ली धरून ठेवली आहे. लोहार चाळीत विजेचं सामान, नागदेवी स्ट्रीटला अवजारं आणि नटबोल्ट, प्रिन्सेस स्ट्रीटला औषधांचे घाऊक व्यापारी. एकाच मालाची दुकानं रांगेने असली की खरा फायदा गिऱ्हाइकाचा. पहिल्या दुकानात नुसतं बघा, चौथ्यापर्यंत चालत जा, चालू भाव काय आहे ते आपसूक कळतं.

आहेराचे ब्लाउजपीस मंगलदासमध्ये घ्या. तिथे एकाच छपराखालच्या बोळांत छोटे गाळे आहेत आणि मीटरवर कापड सुटं मिळतं. मुळजी जेठा हा मुख्यतः घाऊक बाजार. तिथे एक साडी मागितलीत तर गादीवरचा माणूस वहीतून मान वर काढेलच असं नाही. चाळीस-पन्नास एकसारख्या साड्या घ्यायच्या असतील तर मात्र तिथेच विचारा. नंतर भुलेश्वरला दागिने आणि लेस-गोटा उरका. भांडी सगळ्यात शेवटी, कारण ती जड. पिशव्या भरल्या की पायधुणीच्या बाजूला येऊन टॅक्सी पकडा, तिथून सीएसएमटी सरळ रस्त्यावर आहे.

भांड्यांचं थोडं सविस्तर सांगते. तांबं-पितळ वजनावर विकलं जातं, तेव्हा काटा तुमच्या डोळ्यांसमोर शून्यावर आला पाहिजे. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीचा शिक्का असतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी व्हावी लागते. पर्समध्ये लहानसं लोहचुंबक ठेवा. तांब्याला आणि पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर वरून नुसता मुलामा आहे. पितळेच्या पातेल्यात आंबट काही शिजवणार असाल तर कल्हई करूनच घ्या. दाखवायच्या रुखवतासाठी कल्हईचे पैसे घालवू नका.

आणि एक गोष्ट या पट्ट्यात शोधत बसू नका. मुंडावळ्या, शिवलेली नऊवारी, मराठी पद्धतीची नथ यासाठी दादरला रानडे रोडला जा. भुलेश्वरला नथ मिळते, पण ती आपल्या नाकावर बसेल अशी मिळायला वेळ लागतो.

प्रश्न : मला भाव करता येत नाही. नवरा म्हणतो, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने मागायचं. हे बरोबर आहे का? (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर : तुमच्या यजमानांचा नियम फुटपाथवरच्या गॉगलपुरता खरा आहे. तिथे पहिला आकडा फुगवलेलाच असतो आणि कधी कधी निम्म्याच्या खालीही सौदा होतो. मंगलदासमध्ये मीटरवर विकणाऱ्याला निम्म्याने मागितलंत तर तो पुढचं गिऱ्हाईक बघायला लागेल. त्याची कमाई मीटरमागे थोडकी आणि तेच कापड विकणारा शेजारीच बसलेला. तिथे पाच-दहा रुपये सुटतात, तेही तुम्ही मीटर वाढवलेत तर.

मी भाव शेवटी विचारते. आधी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, किती ते विचारते. मग रंग जाईल का, धुतल्यावर किती आटेल, याच रंगात आणखी किती मीटर निघतील. एवढं विचारून झालं की बाईला माल कळतो हे समोरच्याला समजतं आणि पहिला आकडाच खाली उतरलेला असतो. ज्याला घासाघीस जमत नाही त्याने मापाचे प्रश्न पाठ करावेत, तेवढं पुरतं. भांड्याला वजन, सोन्याला शुद्धता, कापडाला पन्ना. रस्त्यावरच्या बॅगेलाही चेन दोनदा उघडून, पट्ट्याचा टाका ओढून बघता येतो.

"बेन, लेना है कि देखना है?" असं कोणी विचारलं तर खरं सांगा. बघायचं आहे म्हटल्यावर फार तर तो तागा उलगडणार नाही, एवढंच. पण तुम्ही मागितलेला भाव त्याने कबूल केल्यावर मागे फिरू नका. सकाळच्या भवानीच्या वेळी तर मुळीच नको. मग जे ऐकावं लागतं ते पदरी पडलेलंच बरं, त्याची तक्रार माझ्याकडे करू नये.

प्रश्न : मी शिवणकाम शिकते आहे. दुकानदार सगळ्यालाच "प्युअर कॉटन" म्हणतात. ओळखायचं कसं? आणि पन्ना जास्त म्हणजे कापड स्वस्त पडतं का? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पैसे तिथे वाचतात.

पन्ना म्हणजे कापडाची रुंदी, आणि मीटरचा भाव त्याशिवाय काहीच सांगत नाही. समजा एक कापड 36 इंची पन्ह्याचं, 100 रुपये मीटर. दुसरं 58 इंची, 140 रुपये मीटर. पहिलं स्वस्त वाटतं. हिशोब केलात तर पहिल्यात मीटरमागे एका इंचाला पावणेतीन रुपयांहून थोडं जास्त पडतं, दुसऱ्यात अडीचच्या आत. पण हिशोब तिथे थांबत नाही. 58 इंचात साध्या मापाच्या कुर्त्याची पुढची आणि मागची बाजू शेजारी-शेजारी बसते, म्हणजे एका उंचीत काम होतं आणि बाह्यांपुरतं वर लागतं. 36 इंचात त्या एकाखाली एक घ्याव्या लागतात, म्हणजे उंची दुप्पट. उलट, लहान मुलाचं झबलं शिवायचं असेल तर मोठ्या पन्ह्यातली चिंधी वाया जाते. म्हणून खरेदीला निघण्याआधी कागदावर कटिंग मांडा. मी प्रत्येक पात्रासाठी दोन पन्ह्यांचे आकडे लिहून नेते, कारण हवा तो रंग हव्या त्या पन्ह्यात कधीच मिळत नाही, हा या बाजाराचा स्वभाव आहे.

आता शुद्धता. कडेचा एक धागा मागून घ्या, तो बाहेर जाऊन जाळा. बाहेर हे महत्त्वाचं आहे, छपरापर्यंत कापड रचलेल्या बोळात काडी ओढलीत तर तुम्हाला हाकलून देतील आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि भुरभुरीत राख उरते. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं, ज्योत लांब नेली की विझायला बघतं. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मिश्र धाग्यात राखही दिसते आणि मणीही. व्हिस्कोस मात्र फसवतं, ते सुतासारखंच जळतं. त्यासाठी धागा ओला करून ओढा. व्हिस्कोस भिजलं की लेचंपेचं होऊन पटकन तुटतं, सूत भिजल्यावर उलट चिवट होतं.

रेशमी साडीसाठी सिल्क मार्कचं लेबल मागा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये ते सुरू झालं. आणि सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापा. हे तुमच्या बाईंनी सांगितलंच असेल.

प्रत्येक ठिकाणी शुद्ध हवंच, असा हट्टही धरू नका. आमच्या दरबारातले निम्मे सरदार पॉलिएस्टरमध्ये असतात. दिव्यांखाली ते झकास चमकतं आणि दौऱ्यावर इस्त्री लागत नाही. सरदारांना घाम येतो, तो भाग वेगळा.

प्रश्न : झवेरी बाजारातल्या छोट्या दुकानातून सोनं घेणं सुरक्षित आहे का? (नागपूरचे एक वाचक)

उत्तर : दुकान छोटं की मोठं, हे बघू नका, दागिन्यावरचा शिक्का बघा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावाच लागतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916) आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा भिंगातून बघायला मागा. क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. बिलात सोन्याचं वजन आणि घडणावळ वेगळी लिहून घ्या. भुलेश्वरला "एक ग्रॅम सोन्याचे" म्हणून मिळतात ते दागिने म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा मुलामा, तो वेगळाच धंदा आहे. रंगमंचाला ते उत्तम. लेकीला द्यायचे असतील तर काय आहे ते तिला सांगून द्या.

प्रश्न : लोहार चाळीतून घेतलेला दिवा घरी लावल्यावर चाललाच नाही. दुकानदाराने बिलावरची "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ दाखवली. काही करता येईल? (बदलापूरचे एक वाचक)

उत्तर : ती ओळ छापल्याने त्याची सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच बसतं. फक्त "सदोष" हा शब्द विसरू नका. रंग आवडला नाही, नणंदेला पटला नाही, याला हा कायदा लागू नाही.

आधी सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या जा. संध्याकाळच्या गर्दीत विक्रेता हात झटकणार. शेठ गल्ल्यावर असेल तेव्हा त्याच्याशीच बोला, दिवा सोबत न्या आणि तिथेच लावून दाखवा. बहुतेक वेळा एवढ्यावर मिटतं. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. आणि यापुढे विजेची वस्तू दुकानातच लावून बघा. लोहार चाळीत त्यासाठी काउंटरवर होल्डर आणि प्लग असतात, मागितलं की कोणी नाही म्हणत नाही. मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद असली तरी बिल घ्याच, त्या नोंदीत रक्कम असते, वस्तू नसते.

प्रश्न : रस्ते अडवणाऱ्या फेरीवाल्यांकडून खरेदी करणं म्हणजे बेकायदा गोष्टीला हातभार लावणं नाही का? तुम्ही त्याबद्दल लिहीत नाही. (मुलुंडचे एक वाचक)

उत्तर : घ्या, आज लिहिते. रस्त्यावर विकणं हे मुळात बेकायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सांगितलं की, वाजवी निर्बंधांच्या आत पदपथावर धंदा करणं हे घटनेने दिलेल्या व्यवसायाच्या हक्कात बसतं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी 2014 चा पथविक्रेता कायदा आला. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, त्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच हवेत, पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण हवं, आणि सर्वेक्षणात आलेल्याला विक्री प्रमाणपत्र. मुंबईत ही अंमलबजावणी वर्षानुवर्षं फायलींत आणि न्यायालयात घोळत राहिली. प्रमाणपत्र मिळण्याची सोयच झाली नाही, तर कोणाकडे ते नाही याचा दोष एकट्या टोपलीवालीच्या माथी मारणं मला पटत नाही.

तुमचं दुसरं म्हणणं मात्र मला मान्य आहे. चालायला जागा नसणं हा त्रास खरा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये रेल्वे स्टेशनपासून 150 मीटरच्या आत, आणि शाळा, इस्पितळं, देवळांपासून 100 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, ती एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर. आता नकाशा घेऊन बसा आणि भुलेश्वरमध्ये देवळापासून 100 मीटर दूर अशी जागा शोधून दाखवा. नियम करताना या गल्ल्या डोळ्यांसमोर नसाव्यात.

मी रस्त्यावरून घेते. सेफ्टी पिना, नाड्या, अंबाड्याची जाळी, केसांच्या पिना रस्त्यावर दुकानापेक्षा निवडून मिळतात, आणि प्रयोगाच्या दुपारी एकच डझन हवी असताना घाऊक दुकानदार ग्रोस (बारा डझन) घ्या म्हणतो. मात्र पुलाच्या जिन्यावर बसलेल्याकडून मी काही घेत नाही. त्याच्यासाठी थांबणारं गिऱ्हाईकच तिथे वाट अडवतं.

प्रश्न : मावशी, मला काहीच विकत घ्यायचं नाही. कला महाविद्यालयात आहे, स्केचिंगसाठी हा भाग बघायचाय. काय चुकवू नको? (मुंबईचा एक विद्यार्थी)

उत्तर : मग तू बरोबर उलटं कर, क्रॉफर्ड मार्केटमध्ये आधी शीर. 1869 मध्ये बांधून झालेली ही मंडई विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाची. पुढे कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल केलं तो हाच. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, त्यांचं नाव हिला मिळालं. दारावर शेतकऱ्यांची दगडी शिल्पं आहेत, ती आणि आतलं कारंजं लॉकवुड किपलिंगच्या हातचं. तो समोरच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. एवढी माणसं त्या दारातून जातात, मान वर करून ती शिल्पं बघणारा क्वचित. मुंबईत विजेचे दिवे ज्या जागी पहिल्यांदा लागले त्यांतली ही एक, साल 1882. 1996 मध्ये फळं-भाज्यांचा घाऊक व्यापार वाशीला गेला आणि मंडई बरीच मोकळी झाली, तुझ्यासारख्याला स्टूल टाकून बसायला ते सोयीचं. पाटीवाले हमाल टोपलीत अंग मुडपून दुपारी झोपतात, ते चितारायचं असेल तर दोनच्या सुमाराला जा. झोपलेल्या माणसाचं चित्र काढलंस तर उठल्यावर दाखव.

तिथून जुम्मा मशीद. ती जुन्या तलावावर उभी आहे, खाली अजून पाणी आहे. विनंती केली आणि नमाजाची वेळ नसली तर बघू देतात. मुंबादेवीच्या पुढे भुलेश्वरला पांजरापोळ आहे, 1834 मध्ये सुरू झालेली. दागिन्यांच्या दुकानांमागच्या दारातून आत गेलं की एकदम गाई, गवत आणि शेणाचा वास. लोक गाईंना गवत चारतात ते बघून माझे नट नेहमी चकित होतात. फूल गल्ली सकाळी लवकर गाठ, उशिरा गेलास तर नुसते देठ. चोर बाजार जरा लांब आहे, मटन स्ट्रीटला. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे जुनं सामान रस्त्यावर मांडलं जातं. घड्याळांचे सुटे काटे, एकेकटे बूट, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो. वहीची दहा पानं तिथेच भरतील.

परतताना मरीन लाइन्स स्टेशन जवळ पडतं, किंवा 2025 पासून मेट्रो 3 चं काळबादेवी स्टेशनही आहे. फोटो काढायचे तर आधी विचार, झवेरी बाजारात तर विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेरच काढू नकोस. आणि लांब हातगाडी ओढणाऱ्याच्या वाटेत उभा राहू नकोस. भरलेली गाडी एकदा चालू लागली की त्याला ती थांबवता येत नाही. "बाजू!" अशी हाक आली की आधी भिंतीला लाग, कोण ओरडलं ते मागाहून बघ.